तुळई-स्तंभ सांध्यांचे भूकंपीय बळकटीकरण

तुळई-स्तंभ सांध्यांचे भूकंपीय बळकटीकरण म्हणजे प्रबलित काँक्रीटच्या जुन्या इमारतींत तुळया व स्तंभ जेथे एकमेकांना मिळतात, तो भाग भूकंपात फुटू नये यासाठी उभ्या इमारतीत केलेली उपाययोजना होय. बांधकाम व्यवसायात यास 'जॉइंट रेट्रोफिटिंग' असे म्हणतात. सांधा हा आकाराने लहान असला, तरी त्यातून तुळई व स्तंभ या दोहोंचे भार पार होतात. तो निकामी झाल्यास वरच्या मजल्यांचा भार खाली नेणारा स्तंभच त्या ठिकाणी तुटल्यासारखा होतो. १९७० च्या दशकापूर्वी, आणि भारतासह अनेक देशांत त्यानंतरही बराच काळ, सांध्याचा स्वतंत्र अभिकल्प करण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे त्या काळातील बहुतेक चौकटी इमारतींत हा भाग दुर्बळ असण्याची शक्यता असते.

सांध्याचे कार्य

इमारतीवर केवळ स्वतःचे वजन व वापराचा भार असताना तुळईच्या दोन्ही टोकांशी वरच्या सळया ताणाखाली आणि खालचे काँक्रीट दाबाखाली असते. मधल्या स्तंभाच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या तुळया सांध्याला जवळजवळ सारख्याच जोराने परस्परविरुद्ध दिशांना ओढतात, म्हणून सांध्यावर फारसा ताण येत नाही. भूकंपात चौकट बाजूला झुकते, तेव्हा हे चित्र पालटते. एका बाजूच्या तुळईची वरची सळई ओढली जाते, तर दुसऱ्या बाजूच्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो. तीच सळई सांध्याच्या एका कडेला ओढली आणि दुसऱ्या कडेला ढकलली जाते. सांध्याच्या वरच्या कडेवर एका दिशेने आणि खालच्या कडेवर उलट दिशेने मोठी बले येतात व सांध्याचा चौकोन तिरपा होऊ पाहतो. या क्रियेस कर्तन म्हणतात. सांध्यातील कर्तनबल हे स्तंभाच्या उरलेल्या लांबीतील कर्तनबलाच्या कित्येक पट असते.

एका साध्या उदाहरणावरून त्याची कल्पना येते. बाहेरच्या सांध्यात येणाऱ्या तुळईत २० मिमी व्यासाच्या चार सळया वरच्या बाजूस आहेत असे समजल्यास त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौ. मिमी होते. पोलादाचे दर्शनी बल ४१५ न्यूटन प्रति चौ. मिमी आणि प्रत्यक्षातील वाढीव बलासाठी १.२५ हा गुणक धरला, तर या सळया सांध्याला सुमारे ६५० किलोन्यूटन बलाने ओढतात. त्यातून स्तंभातील कर्तनबल, समजा ९० किलोन्यूटन, वजा केल्यास सांध्यावर ५६० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५७ टन वजनाइतके बल उरते. स्तंभ ३०० × ३०० मिमी असेल तर कर्तन प्रतिबल ६.२ न्यूटन प्रति चौ. मिमी होते. आयएस १३९२० या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशा बाहेरच्या सांध्यासाठी मर्यादा काँक्रीटच्या बलाच्या वर्गमुळाइतकी आहे. एम १५ प्रतीच्या काँक्रीटला ती ३.९ च्या आसपास येते. ही मर्यादाही सांध्यात पुरेशा रिंगा आहेत असे गृहीत धरून दिलेली आहे. जुन्या इमारतीत त्या बहुधा नसतातच.

सांधा हे बल दोन मार्गांनी पेलतो. पहिला मार्ग काँक्रीटमधील तिरप्या दाबपट्ट्याचा. हा पट्टा सांध्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जातो. दुसरा मार्ग सळयांच्या पकडीतून येणाऱ्या बलांचा. त्यासाठी सांध्यात आडव्या रिंगा आणि उभ्या सळया लागतात व त्या काँक्रीटच्या लहान तिरप्या पट्ट्यांसह कैचीसारखे काम करतात. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टॉम पॉले, रॉबर्ट पार्क व नायजेल प्रीस्टली यांनी १९७८ मध्ये ही मांडणी केली. अमेरिकी संशोधकांचा भर मात्र रिंगांमुळे सांध्यातील काँक्रीट आवळून धरले जाते, या मुद्द्यावर होता. हा मतभेद केवळ तात्त्विक नव्हता, कारण त्यावरच सांध्यात किती रिंगा घालायच्या हे ठरत होते. दाटीवाटीने बसवलेल्या सळयांत काँक्रीट उतरवणे किती कठीण असते, हे कामावरचा प्रत्येक गवंडी जाणतो. १९८० च्या दशकात अमेरिका, न्यूझीलंड, जपान व चीन येथील संशोधकांनी या प्रश्नावर संयुक्त प्रयोग केले.

सांध्यावर भूकंपासारखा उलटसुलट भार देऊन केलेल्या आरंभीच्या प्रयोगांत नॉर्मन हॅन्सन व हॅरल्ड कॉनर यांचे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले काम महत्त्वाचे मानले जाते. अमेरिकेत सांध्यांच्या अभिकल्पाविषयी स्वतंत्र शिफारशी १९७६ मध्ये आल्या. त्याआधीच्या इमारती, त्या कितीही काळजीपूर्वक बांधलेल्या असोत, या ज्ञानाशिवाय बांधल्या गेल्या आहेत.

जुन्या सांध्यांतील उणिवा

सर्वांत सामान्य उणीव म्हणजे सांध्याच्या उंचीत एकही रिंग नसणे. स्तंभाच्या रिंगा तुळईच्या तळापर्यंत बांधल्या जातात आणि स्लॅबच्या वरून पुन्हा सुरू होतात. मधल्या भागात तुळईच्या सळया आडव्या येत असल्याने तेथे रिंग घालणे अडचणीचे असते, म्हणून ती गाळली जाते. नकाशावर दाखवलेली रिंगही प्रत्यक्षात घातलेली नसू शकते.

दुसरी उणीव तुळईच्या खालच्या सळयांची आहे. केवळ वजनाचा विचार केल्यास तुळईच्या टोकाशी खालच्या सळया ताणाखाली येत नाहीत, म्हणून त्या स्तंभात जेमतेम १५० मिमी आत नेऊन सोडल्या जात. भूकंपात झुकण्याची दिशा बदलली की याच सळया ओढल्या जातात आणि सांध्यातून उपसून निघतात. वरच्या सळयांची टोके सांध्याच्या आत वळवण्याऐवजी बाहेरच्या बाजूस वळवली असल्यास तिरप्या दाबपट्ट्याला टेकायला जागाच उरत नाही. साध्या गोल सळया वापरलेल्या असतील तर पकड आणखी कमी असते. इटलीतील पाविया विद्यापीठात स्टेफानो पाम्पानिन व सहकाऱ्यांनी अशा सांध्यांवर प्रयोग केले. त्यांत आकड्याचे टोक काँक्रीटची पाचर बाहेर ढकलत असल्याचे दिसून आले. ही पाचर सुटली की स्तंभाच्या उभ्या सळया उघड्या पडतात व वाकतात.

याशिवाय रिंगांची टोके १३५ अंशांऐवजी ९० अंशांत वळवणे, स्तंभाच्या सळयांचे जोड नेमके स्लॅबच्या वर देणे आणि तुळई स्तंभापेक्षा बळकट असणे या गोष्टीही आढळतात. शेवटची बाब सर्वांत घातक होय. तुळई वाकली तर एका दालनाचे नुकसान होते, स्तंभ किंवा सांधा गेला तर संपूर्ण मजला खाली येऊ शकतो.

भारतात यात भिंतीच्या जाडीचा प्रश्नही मिसळलेला आहे. स्तंभ खोलीत दिसू नये म्हणून तो नऊ इंची विटेच्या भिंतीत लपेल असा, म्हणजे २३० मिमी रुंदीचा ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. २०१६ च्या मानकानुसार स्तंभाची तुळईच्या दिशेतील लांबी तुळईतील सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या किमान वीसपट असावी लागते. १६ मिमी सळईसाठी ती ३२० मिमी होते. २३० मिमीच्या स्तंभात ही सळई तिच्या व्यासाच्या जेमतेम चौदापट लांबीत ओढले जाणे व दाबले जाणे अशी दोन्ही कामे करते. परिणामी तिची पकड सुटून ती सांध्यात मागेपुढे सरकू लागते.

मानकांचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. आयएस १३९२० हे तन्य बांधणीचे मानक १९९३ साली, म्हणजे किल्लारी भूकंपाच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. किल्लारीत कोसळली ती प्रामुख्याने दगड-मातीची घरे होती, त्यामुळे या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडता येत नाही. मूळ मानक भूकंपक्षेत्र चार व पाच यांना सरसकट लागू होते. क्षेत्र तीनमध्ये मात्र ते महत्त्वाच्या इमारती, औद्योगिक बांधकामे आणि पाचपेक्षा अधिक मजल्यांच्या इमारती यांनाच लागू होते. मुंबई व पुणे ही शहरे क्षेत्र तीनमध्ये मोडत असल्याने तेथील पाच मजल्यांपर्यंतच्या सामान्य निवासी इमारती त्यातून सुटल्या. ही सूट पुढे काढण्यात आली. स्तंभांची एकत्रित वाकक्षमता तुळयांच्या किमान १.४ पट असावी, ही अट व सांध्यातील कर्तनाची तपासणी २०१६ च्या आवृत्तीत आली. काँक्रीटच्या बाबतीतही आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत एम १५ ही प्रत प्रबलित कामाला चालत असे. २००० साली किमान प्रत एम २० झाली.

भूकंपांतील अनुभव

१७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानातील इझमित परिसरात झालेल्या भूकंपात रिंगा नसलेल्या सांध्यांची मोठ्या प्रमाणावर हानी झाली. ६ एप्रिल २००९ च्या इटलीतील लाक्विला भूकंपात बाहेरच्या व कोपऱ्यातील सांध्यांना तिरपे तडे जाऊन काँक्रीट निखळल्याचे दिसले. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. तेथे वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला तळमजला हे मुख्य कारण होते. सांध्यांतील सदोष बांधणीने त्यात भर घातली.

इमारतीचे वय हा एकमेव निकष नसतो, हे २२ फेब्रुवारी २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपात स्पष्ट झाले. तेथील सीटीव्ही इमारत कोसळून ११५ जणांचा मृत्यू झाला. ती १९८० च्या दशकात बांधलेली होती, म्हणजे सांध्यांविषयीचे बरेचसे ज्ञान तोवर उपलब्ध होते. पॉले व पार्क यांचे कँटरबरी विद्यापीठही त्याच शहरात आहे. चौकशीत स्तंभांची तन्यता व सांध्यांची बांधणी अपुरी असल्याचे नमूद झाले.

तपासणी

बळकटीकरणापूर्वी सांध्यात प्रत्यक्षात काय आहे हे शोधावे लागते. सळईशोधक यंत्राने स्तंभातील व तुळईतील सळया कळतात, परंतु सांध्यातील दाट सळयांमुळे त्याचे वाचन तेथे संदिग्ध होते. म्हणून निवडक सांध्यांचे आच्छादन फोडून पाहणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो. काँक्रीटचे बल गाभे काढून तपासतात. गाभा सांध्यातूनच काढणे टाळून तो जवळच्या कमी ताणाच्या भागातून घेतला जातो. गंजाची तपासणी स्वतंत्रपणे केली जाते, विशेषतः समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत. भारतात या मूल्यमापनासाठी आयएस १५९८८ (२०१३) हे मार्गदर्शक मानक आहे.

बळकटीकरणाच्या पद्धती

तडे इपॉक्सीने भरणे ही भूकंपानंतर केली जाणारी दुरुस्ती आहे. तिला बळकटीकरण म्हणणे योग्य नाही. तडे बुजून काँक्रीट पुन्हा एकसंध होते, पण सळईभोवती निसटलेली पकड पूर्णपणे परत येईलच असे नाही आणि मुळात नसलेल्या रिंगा तर त्यामुळे येत नाहीतच.

काँक्रीटचे वेष्टण ही सर्वांत जुनी व भारतीय कामगारांच्या परिचयाची पद्धत आहे. स्तंभाभोवती नव्या सळया व रिंगा बांधून नवे काँक्रीट ओतले जाते. १९८५ च्या मेक्सिको सिटी भूकंपानंतर तिचा तेथे मोठा वापर झाला. टेक्सास विद्यापीठात सर्जिओ अल्कोसेर व जेम्स जिर्सा यांनी वेष्टित सांध्यांवर प्रयोग केले. स्तंभाला वेष्टण देणे तुलनेने सोपे असते. अडचण सांध्यापाशी येते. नव्या उभ्या सळया अखंड जाण्यासाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोके पाडावी लागतात. तुळया मध्ये येत असल्याने या सळया चार कोपऱ्यांत एकत्र जुडग्यासारख्या ठेवाव्या लागतात. सांध्याच्या उंचीत रिंग घालायची तर तुळईला आरपार छिद्र पाडणे आले आणि त्यात तुळईची सळई कापली जाण्याचा धोका असतो. अल्कोसेर व जिर्सा यांनी यावर उपाय म्हणून सांध्याच्या कोपऱ्यांत पोलादी कोन व त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा पिंजरा वापरला.

आयएस १५९८८ नुसार वेष्टणाची जाडी किमान १०० मिमी असावी लागते आणि नवे काँक्रीट जुन्यापेक्षा किमान ५ न्यूटन प्रति चौ. मिमी अधिक बलाचे असावे लागते. म्हणजे २३० मिमीचा स्तंभ चारही बाजूंनी वेष्टित केल्यावर ४३० मिमी होतो. दहा फुटी खोलीत ही वाढ रहिवाशांना प्रकर्षाने जाणवते, शिवाय इमारतीचे वजन व ताठरता वाढल्याने भूकंपबलही वाढते. पाया ते घेऊ शकेल का, हे तपासल्याशिवाय वेष्टण देणे धोक्याचे ठरते. दुसरीकडे, स्तंभ रुंद झाल्याने तो तुळईपेक्षा बळकट होतो, सांध्याचे क्षेत्रफळ वाढते आणि तुळईच्या सळईला पकडीसाठी अधिक लांबी मिळते. एकाच उपायात तीन उणिवा दूर करणारी दुसरी पद्धत क्वचितच आढळते.

पोलादी वेष्टणात सांध्यावर पोलादी पत्रे बसवून मागची पोकळी ग्राउटने भरतात. सपाट पत्रा मध्यभागी फुगतो, म्हणून तो बोल्टने जखडावा लागतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात घोबारा व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात त्याऐवजी पन्हळी पत्रा वापरून पाहिला. दमट हवेत गंजापासून संरक्षण हा या पद्धतीचा कायमचा खर्च आहे.

तंतुमय वेष्टणात कार्बन वा काचतंतूंचे कापड इपॉक्सीने काँक्रीटवर चिकटवले जाते. त्याची जाडी काही मिलिमीटरच असल्याने खोलीची जागा जात नाही, वजन वाढत नाही व काम लवकर उरकते. म्हणूनच गेल्या तीन दशकांत सर्वाधिक संशोधन याच पद्धतीवर झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिजित मुखर्जी व मंगेश जोशी यांचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग त्यांपैकीच आहेत. ग्रीसमधील पात्रास विद्यापीठात अँटोनोपुलोस व त्रियांताफिलू यांनी बाहेरच्या सांध्यांवर केलेल्या प्रयोगमालेतून (२००३) या पद्धतीचा मर्मबिंदू पुढे आला. कापड तुटण्याआधीच काँक्रीटवरून सुटते, आणि टोके यांत्रिकरीत्या जखडली नसतील तर तंतूंच्या प्रचंड बलाचा थोडाच भाग कामी येतो. सांध्याला आडवी तुळई मिळत असल्यास कापड लावायला मोकळा पृष्ठभागच कमी उरतो व परिणामकारकता घटते.

जुन्या काँक्रीटची प्रत येथे निर्णायक ठरते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार चिकटपणावर अवलंबून असलेल्या कामासाठी काँक्रीटचे दंडगोल चाचणीतील बल किमान १७ न्यूटन प्रति चौ. मिमी आणि पृष्ठभागाचे ओढबल किमान १.४ न्यूटन प्रति चौ. मिमी असावे लागते. घन चाचणीतील एम १५ काँक्रीट दंडगोलाच्या हिशेबात १२ च्या आसपास येते. अर्थात ज्या इमारतींना या कापडाची सर्वाधिक गरज आहे, त्यांतील अनेकींचे काँक्रीट ते धरून ठेवण्यास अपुरे असते. गंजलेल्या सळयांवर, आतील क्षार न काढता कापड गुंडाळल्यास गंज आत चालू राहतो आणि बाहेरून दिसेनासा होतो. इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सियस तापमानाला मऊ पडत असल्याने अग्निसंरक्षणाचा थरही आवश्यक ठरतो.

तिरपा आधार या पद्धतीत सांध्याला हातच लावला जात नाही. तुळई व स्तंभ यांच्या कोनात, जुन्या लाकडी घरांतील तिरप्या टेकूसारखा, पोलादी आधार बसवला जातो. त्यामुळे तुळई वाकण्याची जागा स्तंभापासून दूर सरकते आणि सांध्यात येणारे बल कमी होते. पाम्पानिन, ख्रिस्तोपुलोस व चेन यांनी २००६ मध्ये ही पद्धत प्रयोगांसह मांडली. पुढे जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठात ती केवळ छिद्रात रोवलेल्या बोल्टांवर बसवण्याच्या दृष्टीने विकसित करण्यात आली. बोल्ट उपटून येणे हा तिचा कच्चा दुवा आहे.

याउलट, निवडक दुर्बलीकरणात तुळईची काही सळई वा स्लॅबचा जोड जाणीवपूर्वक कापून तुळईच कमकुवत केली जाते, जेणेकरून सांध्याआधी ती वाकेल. कँटरबरी विद्यापीठात यावर काम झाले आहे. कल्पना तर्कशुद्ध असली, तरी रहिवासी इमारतीत सळई कापण्यास संमती मिळवणे सोपे नाही.

इमारतीत नव्या काँक्रीटच्या भिंती वा पोलादी कैच्या घालून तिचे झुकणेच कमी करणे हा आणखी एक मार्ग आहे. इमारत कमी झुकली की प्रत्येक सांध्यावरील मागणी घटते व सगळेच सांधे उघडावे लागत नाहीत. शेकडो सांधे असलेल्या इमारतीत बहुधा हाच मार्ग स्वस्त पडतो. मात्र नव्या भिंतींखाली मोठा पाया घालावा लागतो.

बलांची उतरंड

कोणत्याही एका घटकाला बळकट केले की नुकसान त्याच्या शेजारच्या घटकाकडे सरकते. सांध्यावर कापड लावून तो बळकट केला आणि स्तंभ तसाच ठेवला, तर स्तंभ आधी जाऊ शकतो. तुळईला कापड लावून तिची वाकक्षमता वाढवली, तर तिच्या सळया सांध्याला पूर्वीपेक्षा अधिक जोराने ओढतात व सांधा आधी फुटतो. स्लॅबमधील सळयाही तुळईच्या वरच्या सळयांना साथ देतात, हे गणितात धरले नाही तर तुळई कागदावर दिसते त्यापेक्षा बळकट ठरते. म्हणून अभिकल्पात तुळई, स्तंभ, सांधा व सळयांची पकड या प्रत्येकाची क्षमता एकाच मापात आणून कोण आधी शरण जाईल याचा क्रम लावतात. भूकंपात स्तंभावरील उभा भार कमीजास्त होत असल्याने हा क्रम दोन्ही दिशांसाठी वेगवेगळा तपासावा लागतो. कोपऱ्यातील स्तंभांत ही तफावत सर्वाधिक असते.

प्रयोगशाळेतील बहुसंख्य नमुने एका प्रतलातील, स्लॅब व आडव्या तुळईविना केलेले असतात. प्रत्यक्षातील सांध्याला तीन-चार तुळया, वर स्लॅब आणि एका बाजूस विटेची भिंत असते. एखादी पद्धत नमुन्यात यशस्वी ठरली तरी इमारतीत तिला पुरेसा मोकळा पृष्ठभाग मिळेलच असे नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात कोयना परिसर भूकंपक्षेत्र चारमध्ये येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप याच भागातला. राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. मुंबईत ३० वर्षांपुढील इमारतींसाठी महानगरपालिका अधिनियमातही तशी तरतूद आहे. या तपासण्यांचा रोख प्रामुख्याने गळती, गंज व निखळणारे काँक्रीट यांवर असतो. त्यात 'सुस्थितीत' ठरलेल्या इमारतीच्या सांध्यांत रिंगा आहेत की नाहीत, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी आयएस १५९८८ नुसार स्वतंत्र भूकंपीय मूल्यमापन करावे लागते. गंजलेल्या स्तंभांची दुरुस्ती हाती घेतली जाते तेव्हा आच्छादन फोडलेलेच असते व परांचीही उभी असते. सांधे उघडून पाहण्याचा व त्यांचे वेष्टण त्याच कामात करून घेण्याचा खर्च त्या वेळी सर्वांत कमी येतो.